राखेत घोळलेलं टाकळ्याचं बी

१४ फेब्रु.
भावजींनी आज उसाला तणनाशक मारलं. वारं सगळं माझ्या रानाकडं. बांधावरनं सांगितलं, वारं पडू द्या. म्हणाले, "वहिनी, वाऱ्याला मी काय दावं लावू?"

१९ फेब्रु.
माझी अख्खी भेंडी वाकडी झाली. पानं आकसली. तोडा सुरू व्हायला आठवडा हुता. भावजी म्हणे, रोग पडला असंल. हे म्हणतात, माझा सख्खा भाऊ हाय, सोडून दे. सोडत न्हाय. तोंडानं कबूल करीपर्यंत तर न्हायच.

२ मे
पडली बघा गरज. भावजींचं ओढ्याकडचं रान गाजरगवतानं भरलंय. औषध मारून थकले, आता अंगाला खाज उठतीया. माझा बांध दोन वर्षं साफ. कृषी खात्याच्या ताईंनी सांगितल्यावर टाकळा फेकलेला. त्याच्या मुळातनं मातीत काय उतरतं कोण जाणे, गाजरगवत जवळ रुजतच न्हाय. वर कोवळ्या पाल्याची भाजी. भावजी म्हणाले, थोडं बी द्या. बी मागितलं तर न्हाय म्हणायचं न्हाय, ही आमच्या घरची रीत. देते की.

३ मे
हे कामावर गेल्यावर बी कढईत भाजलं. तडतडलं तसं बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं. रंग गडद झाला, पण बी आम्ही राखेत घोळूनच देतो. कळतंय कुणाला? भावजींनी पिशवी कपाळाला लावून नेली.

२६ जून
माझा टाकळा वीतभर. त्यांच्याकडं एक रोप न्हाय, गाजरगवत मात्र गुडघ्याला. रोज सकाळी वाकून वाकून बघतात. मी चहाचा कप घेऊन बांधावर. अशीच जिरली पाहिजे.

२१ ऑक्टो.
भावजी दारात. बसा म्हटलं, बसले न्हाईत. "वहिनी, तुमच्या बियात खोट न्हाय. माझी मातीच मेली. औषधं मारून मीच मारली. तुमची भेंडीबी मीच जाळली." हात जोडले.

आठ महिने हेच ऐकायचं हुतं. ऐकलं. मेलेल्या मातीत गाजरगवत कमरेएवढं कसं वाढतं, हे त्यांना सुचंना. ती माती वीटभट्टीला देणार म्हणाले. पाच फूट खोल खणून.

तरी भेंडी आठवली की हात शिवशिवतात.

३ नोव्हें.
ह्यांना सांगावं तर भाऊ-भाऊ एका पंगतीला बसायचे न्हाईत. न सांगावं तर... मामंजींनी ओढ्याचा गाळ डोक्यावरनं वाहून केलेलं रान ते. पण मी का सांगू? भेंडी जळली तवा मला कोण आलतं विचारायला, जेवली का म्हणून?

१० नोव्हें., सकाळ
जेसीबी आलाय. भावजींचा निरोप, घरातली मोठी म्हणून मशीनला हळदकुंकू वहिनींनीच लावायचं. ताट तयार हाय. हे चपला घालून दारात उभे, चल म्हणतात. थांबा म्हटलं, एवढं लिहून येते.