भिंगरी, गादी आणि कवितेचं मिनिट

४ जानेवारी

आले! काचेच्या दोन टाक्या, दोन पंप, दोन मासे — थेट माझ्या टेबलावर. नातीच्या प्रयोगशाळेचं छप्पर गळतंय म्हणे. सूनबाई करवादली, "बाबांची खोली म्हणजे काय बंदर आहे?" मी म्हटलं, असू दे गं, म्हाताऱ्याला शेजार हवाच.

एक सारखा भिरभिरतो — त्याचं नाव भिंगरी. दुसरा तळाशी पसरलेला — गादी. वजन दोघांचं सारखंच. पण भिंगरीच्या जातीचे कल्ले गादीच्या दुप्पट! नात म्हणते, ज्याच्या अंगातली चूल मोठी त्याला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून कल्लेही मोठे. हे खरंच तसं आहे का, तेच तिला दाखवायचंय.

५ जानेवारी

मला नोकरी लागली! रोज दुपारी मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजायची. हातात आकडा मोजणारा खटका, दर उघडझापीला एक दाब. पण नजर माशावर ठेवू की घड्याळावर? मग आठवली तिसरीतली नदीची कविता. मास्तर टेबलावर घड्याळ ठेवून म्हणून घ्यायचे — चार कडवी, मोठ्याने, बरोबर एक मिनिट. नातीने घड्याळ लावून पाहिलं. साठ सेकंद! "आजोबा, तुमच्यापुढे घड्याळ झक मारतं." तिसरीतल्यासारखी छाती फुगली.

भिंगरी बहात्तर. गादी चाळीस.

१२ फेब्रुवारी

भिंगरी चौऱ्याऐंशी, गादी सत्तेचाळीस. कविता ऐकून रंगात आलेत बहुतेक!

जिना दोनदा थांबून चढलो. सूनबाईला सांगितलं, खिडकीतून कबुतरं बघत होतो.

९ मार्च

भिंगरी सत्त्याण्णव, गादी चोपन्न. नात डोकं धरून बसलीय. पाणी तेवढंच गार, खाणं तेवढंच, पाण्यातला प्राणवायूही तेवढाच संपतोय — मग दोघांना एवढी धाप कसली? तिच्या मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारच्या सादरीकरणात हे आकडे मांडलेस तर लोक हसतील." पोरीची वर्षभराची मेहनत!

मास्तरांची शपथ घेऊन सांगितलं — एकही उघडझाप खोटी नाही.

१० मार्च

आज ती घड्याळ घेऊन माझ्या पाठीशी उभी राहिली. चौथं कडवं संपलं.

"एक मिनिट एकवीस सेकंद."

"जरा भाव ओतला गं. वय झालं की कविता मुरते."

ती हसली नाही. "दर ओळीला थांबताय, आजोबा. कधीपासून?"

कबुतरांचं सांगणार होतो. जमलं नाही.

११ मार्च

घड्याळ लावून मोजलं. भिंगरी बहात्तर, गादी चाळीस. मासे ठणठणीत — माझं मिनिटच लांबलं होतं, धापा मीच टाकत होतो.

उद्या सकाळी दहा वाजता डॉक्टरांकडे. नात सोबत येतेय. खटका घेऊन!