आम्ही म्हणजे आपणच

४ मे १९९६
सुमित पाच वर्षांचा असताना आम्ही दोघं क्वार्टरच्या पायरीवर मटार सोलत होतो. "आम्ही बागेत जाणार," म्हणाला. विचारलं, मीपण? मान हलवली. मग "आपण" म्हण, राजा, "आम्ही"त समोरचा माणूस येत नाही. त्याने लगेच सुधारलं. अर्धे मटारही संपवले.

सूनबाई राजनंदिनीला हे तीस वर्षांची होऊनही जमत नाही. तिच्या माहेरी, कोऱ्हाळ्याकडे, सगळंच "आमी". काल शेजारी कौसल्याबाईंकडे तिचा फोन आला. "आमी जूनमधी पुण्याच्या नव्या फ्लॅटमधी चाललोय." म्हणायचं होतं "आपण". ह्यांची रिटायरमेंट मेअखेर, क्वार्टर जूनमध्ये सोडायचं. उघडच आहे.

७ मे
ह्यांनी गावाकडच्या, निरवांगीच्या घरासाठी छपराचे पत्रे बघून ठेवले. बघोत. माशा, शेणाचा वास आणि जाऊबाई भागुबाई. तिने निरोप धाडलाय, "या की, चूल मोकळीच हाय." चूल! मी पुण्याला राहणार, हे एकदा सगळ्यांना ठणकावून सांगायचं.

१२ मे
कौसल्याबाईंना सांगितलं. अभिनंदन नाही, काही नाही. "तुमची खोली कंची?" म्हणे. माणसं किती खालच्या पातळीवर विचार करतात. (पूर्वेकडची मागावी.)

१९ मे
बूथवरून सुमितला फोन. तोही "आम्ही"च म्हणतो. बायकोच्या संगतीत भाषा किती पटकन बिघडते. तिथेच टोकणार होते, पण बूथवाला कान लावून बसला होता. खोलीचंही राहिलं.

२६ मे, सकाळ
दोघं आली आहेत. आज चहाच्या वेळी सुनेला दोन्ही शब्द शिकवायचे. चिडायचं नाही.

२६ मे, दुपार
शिकवले. उदाहरणांसकट. शांतपणे ऐकलं तिने. म्हटलं, आता वाक्यात उपयोग कर. तिने सुमितकडे पाहिलं. तो बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता.

"आई, जूनमध्ये आम्ही फ्लॅटमध्ये जाणार. दिवाळीला आपण सगळे निरवांगीला भेटू."

तिची एकही चूक नाही. मी शाबास म्हटलं.

२६ मे, संध्याकाळ
पुण्याची हवा मला कधीच मानवली नव्हती. ह्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

सामानाचं असं. टी-सेट राजनंदिनीला, फुटला तर फुटला. सोफा सुमितने टेम्पोतून न्यावा. फ्रिज कौसल्याबाईंना, त्यांचा कधीपासून डोळा आहे. शिलाई मशीन भागुबाईंना, पायडलला तेल घालून द्यावं.

डबल बेडची मच्छरदाणी कुणालाही देऊ नये. ती आमच्याबरोबर निरवांगीला.