लेकीपुढे कोण वाकणार

२ मार्च, सकाळी ६
वयाच्या बावन्नाव्या वर्षी कराटे सुरू. लेकीला ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसायचं तर आधी एक नवशिका शून्यातून तयार करायचा असतो. तो पिवळ्या पट्ट्याला पास झाला तरच हिला संधी. तिनं मला निवडलं. साहजिकच. सर पहिल्याच दिवशी म्हणाले की कराटे म्हणजे मारामारी नव्हे, अहंकार मारणं. मला हसू आलं. ऑफिसात अकरा माणसं मला बघून उठतात, तरी मला अहंकार नाही.

३ मार्च
एक अडचण. सरावाआधी खालच्या पट्ट्यानं वरच्या पट्ट्यापुढे वाकायचं. वय बघत नाहीत. माझा पट्टा पांढरा, लेकीचा तपकिरी. जिला मी चालायला शिकवलं तिच्यापुढे वाकू? पट्टा सुटल्याचं निमित्त करून वेळ मारून नेली.

१९ मार्च
लाथा उत्तम. समोरचा बुटका असेल तर छातीपर्यंत जातात. वाकायच्या वेळी पाणी प्यायला गेलो. सर म्हणाले, लाथेचं नंतर बघू, आधी वाकायला शिका. उलट उत्तर दिलं नाही. याला म्हणतात संयम.

६ एप्रिल
बायकोला समजावलं की हा अहंकार नाही, तत्त्व आहे. मोडेन पण वाकणार नाही. ती म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिला अध्यात्मात गती नाही.

१८ मे
लेकीनं जेवताना ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बाबा, चार वर्षं थांबलेय मी. परवा परीक्षेत तेवढं एकदा वाका."
शब्द दिला. आरशासमोर वीस वेळा वाकलो. आरशातल्या माणसापुढे काहीच जड जात नाही.

२० मे, दुपारी ३
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आमच्या ऑफिसचा टायपिस्ट, भाचीला घेऊन आलेला. नेमका आजच.
सरांनी खूण केली. लेक समोर उभी. वाटलं, लहान आहे, तीच आधी वाकेल. ती थांबली. मीही थांबलो. तिचे ओठ हलले, "बाबा." टायपिस्ट बघत होता. माझी पाठ ताठच राहिली.
सरांनी वही मिटली. लाथ मारायची वेळच आली नाही.

२१ मे
लेक बोलत नाही. वाईट वाटतंय, खूप. चूक नक्की कोणाची यावर विचार चालू आहे. टायपिस्टचा हात असावा.

२ जून
लेकीनं नवा नवशिका घेतला. तिची आई. बाई पहिल्याच दिवशी वाकल्या, तेही हसत. हिला तत्त्वच नाहीत.

१४ डिसेंबर
बायको गेल्या महिन्यात पास झाली. आज लेकीला काळा पट्टा मिळाला. मी शेवटच्या रांगेत होतो. आत येताना सर म्हणाले होते, या परत, पांढरा पट्टा ठेवलाय तुमचा. म्हणजे आता घरातल्या दोघींपुढे वाकायचं. विचार करून सांगतो म्हणालो.
सरांनी लेकीच्या कमरेला पट्टा बांधला तेव्हा डोळे भरून आले. मी उठलो आणि कोणी न सांगता वाकलो, पार कमरेतून. बराच वेळ तसाच राहिलो.
वर बघितलं तर ती आईबरोबर फोटो काढत होती.