मोदक मोजताना

१२ जानेवारी, सोमवार

परीक्षक! मी! मंडळाचा सेक्रेटरी प्रणय सकाळी सकाळी दारात हजर. "केसरकाकू, माघी गणपतीला मोदक खाण्याची स्पर्धा ठेवलीय. मोजायला तुम्हीच पाहिजे. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं केलीत, तुमचा आकडा कोण खोटा पाडणार?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. मी चढले. हो म्हणून बसले आणि आता पस्तावतेय.

अन्न काय पैजेने कोंबायची वस्तू आहे? माझ्या घरात भाताचं शीत वाया जात नाही. माणसं मोजून रांधते. शिळं उरलं, टाकलं, असं आमच्याकडे होत नाही, आख्ख्या आळीला ठाऊक आहे. आणि हे देवापुढे पोटाचे नगारे करणार!

१५ जानेवारी

नियमांची मीटिंग. दहा मिनिटं वेळ. ताटलीत पाच-पाच मोदक. गिळून, तोंड उघडून जीभ दाखवली की मगच आकडा धरायचा – ही अट माझी. गेल्या वर्षी रावजी गालफडात दोन मोदक धरून पहिला आला आणि बक्षिसाचा मिक्सर कवेत घेऊन स्टेजमागे ओकला. एकसष्ट वर्षांचा बाप्या! वर मीटिंगमध्ये म्हणतो, "वकलो तं वकलो. पोटात गेलं व्हतं का न्हाय? मंग मोजा की!"

मी विचारलं, कोणाच्या घशात अडकलं तर? रुग्णवाहिका कुठाय? प्रणय म्हणे, "रफिकभाईची रिक्षा उभी ठेवतो ना काकू." रेवदंड्याहून थेट अलिबागपर्यंत रिक्षा! म्हटलं, बरोबर आहे, वाटेतल्या खड्ड्यांनीच सुटेल मोदक. सगळे हसले. मी चेष्टा करत नव्हते.

१७ जानेवारी

आता बायकांचाही गट. म्हणे महिला सक्षमीकरण! बकाबका खाणं हे सक्षमीकरण असेल तर आमच्या शेजारची म्हैस केव्हाच सक्षम झाली.

१८ जानेवारी, रविवार

बायकांची यादी आली. सातवं नाव – प्रणाली. माझी सून!

विचारलं तर खाली मान घालून, "सहज दिलं आई. गंमत." गंमत! घरात चिमणीएवढं खाणारी ही. अर्ध्या भाकरीवर "पुरे आई." लग्नाला तीन वर्षं झाली, हिने दुसऱ्यांदा भात मागितलेला मला आठवत नाही. आधी हे आणि मुलगा स्वप्निल जेवतात, मग मी, मग ती बसते, आणि पाच मिनिटांत भांडी घासायला उठतेसुद्धा. ही काय स्पर्धा खाणार? तिसऱ्या मोदकाला गार पडेल आणि हसं होईल माझं. परीक्षकाची सून! गावात इतक्या वर्षांत कमावलेला मान एका ताटलीत जायचा.

नाव काढ म्हटलं. "बघते" म्हणाली. माणगावकडच्या मुली गरीब असतात म्हणून करून आणली होती!

२० जानेवारी

नाव काढलेलं नाही. मी बोलत नाहीये तिच्याशी.

२२ जानेवारी, गणेश जयंती

आधी पुरुष. केटररच्या मोदकांची पारी बोटभर जाड, आत सारण नावाला. रावजी चौदाला थांबला. "पारी कच्ची हाय!" म्हणून ओरडला, पंखा मागितला आणि खुर्ची अडवून बसला. एका शहाण्याने दोन मोदक सदऱ्याच्या खिशात सरकवले. खिशातून तूप गळायला लागलं तेव्हा पकडला. तरी भांडतो, "घरच्यांना प्रसाद नेतोय." माईकवाला बोंबलतोय, डोक्यावर ड्रोन घोंघावतोय. देव बिचारा मागे बसून सगळं बघत होता.

मग बायका. अकराजणी. दहाजणी कॅमेऱ्याकडे बघून फिदीफिदी हसत होत्या. प्रणाली हसत नव्हती. मान खाली. मोदक फोडायचा, तुपात बुडवायचा, खायचा. घाई नाही की थांबणं नाही. मी तिच्याच समोर उभी. प्रत्येक मोदकाला ती तोंड उघडून मला जीभ दाखवायची आणि मी रेघ मारायची. आठ. बारा. सतरा. माईकवाल्याचा आवाज चिरकला. मी आधीच्या रेघा पुन्हा मोजून घेतल्या.

तेवीस! दुसरी आलेली तेरावर.

शिट्टी वाजली. बाकीच्या ढेकरा देत उठल्या. हिच्या ताटलीत दोन मोदक उरले होते. तिने एक उचलला.

"प्रणाली, संपली स्पर्धा."

"हो आई," म्हणाली आणि खात राहिली. मग दुसराही खाल्ला.

टाळ्यांच्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नसेल. मी समोर उभी होते.

२३ जानेवारी

दारावरून जाईल तो बोलतोय. "काकू, सून छुपी रुस्तम निघाली!" स्वप्निलने व्हिडिओ कंपनीतल्या सगळ्या मित्रांना पाठवला. हे म्हणाले, "घरात तर काहीच खात नाही गं ही!" ती आत होती. ऐकलंच असणार.

बक्षिसाची पैठणी तशीच पिशवीत आहे. घडीसुद्धा मोडून बघितली नाही तिने.

मला राग आलाय. स्पर्धेचा, प्रणयचा, त्या माईकवाल्याचा. सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी राग उरतोच आहे. दुपारी जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

सकाळी ती भाकऱ्या थापत होती. घरात दोघीच. विचारलं, "प्रणाली, रोज पोट भरतं का गं तुझं?"

हात थांबले. वर न बघता म्हणाली, "परवा भरलं होतं, आई."