मामींनी वळवलेले बाण

सातारा,
ता. ५ मार्च १९७४

तीर्थस्वरूप आकाराममामांच्या चरणी कृष्णातचा साष्टांग नमस्कार. मिरजेला मोतीबिंदू नीट निघाला, पट्टी मात्र महिनाभर ठेवायची आहे, असं आईनं कळवलं. पट्टी बांधून उसात हिंडू नये. मी देहानं खुशाल आहे, बाकीचं सांगतो. (हे फक्त तुम्हाला. मामींच्या कानावर जाता कामा नये.)

इथल्या संग्रहालयात पाट्या आणि दिशेचे बाण रंगवायला मला तात्पुरतं घेतलंय, हे तुम्ही जाणताच. साहेबांचा हुकूम होता, की दारातून उजवीकडे वळायचं, आधी तलवारी, मग चिलखतं, शेवटी तहाची कागदपत्रं. तसे मी हातभर लांब तांबडे बाण काढले. परवा रविवारी पलूसहून आपल्या मामी भजनी मंडळाच्या बायका घेऊन आल्या. दालनाच्या मधोमध वीरगळ आहे, त्यावर वर महादेवाची पिंड कोरलेली. मामींनी ती पाहिली, चपला काढल्या (तिथे 'चपला काढू नयेत' अशी माझीच पाटी आहे) आणि म्हणाल्या, "देवाला डाव्या अंगाला घालून जायाचं व्हय रं? उलटी प्रदक्षिणा आमी न्हाई घालायचो." अडेलतट्टूपणात मामींचा हात कोण धरणार! सगळी दिंडी डावीकडून निघाली. बाणाप्रमाणे येणारे लोक समोरून आले आणि नाण्यांच्या खोलीच्या अरुंद दारात दोन्हीकडची माणसं अडकली. मधे साहेब. वीरगळापुढे नारळही फुटला.

साहेबांनी बजावलंय, की पुढच्या गुरुवारी मुंबईहून मोठे साहेब येणार. लोक न विचारता बाणांप्रमाणे फिरले तर मी कायम, नाहीतर घरी. मामा, ही नोकरी मला फार हवी आहे. माधवनगरच्या भिंतींवर बिडीच्या जाहिराती रंगवून जीव विटला होता. शेवटी मी साहेबांचे पाय धरले आणि सगळे बाण डावीकडे फिरवले. आता आधी तह वाचायचा आणि मग लढाई बघायची.

लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
कृष्णात

ता. क. : गुरुवारी इथं चिटपाखरू फिरकत नाही. बाण बरोबर आणि चालणारं कुणी नाही, अशी गत व्हायची. तरी मामींना त्यांच्या बायकांसह पहाटेच्या एस्टीनं धाडावं. काही शिकवू नये. नारळ तेवढा घरी ठेवावा.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं. तुमच्या डोळ्यांवर पट्टी, म्हणजे हे वाचून दाखवताहेत त्या मामीच. मामी, साष्टांग नमस्कार. नारळ आणला तरी चालेल.