ओढ्यापलीकडची दुसरी मादी

प्रिय वन्सं,

तुम्ही माघात गेलात. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण कागद आज घेतला. आजची गोष्ट नुसती मनात ठेवून भागणार नाही. वन्सं, माळढोकाच्या माद्या दोन आहेत! ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. काल, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, दोघी एकाच वेळी दिसल्या. तुमचं खरं होतं. चुकलो आम्ही सगळे, आणि सगळ्यांत जास्त मी, कारण नोंदींची वही माझ्या हातात होती.

तुम्ही मला पहिल्यांदा नान्नजच्या माळावर नेलंत तो रविवार आठवतो? एसटीतून उतरून तासभर चाललो, तरवडाच्या झुडपाआड बसलो, आणि समोर तो एवढा मोठा पक्षी आला. मी म्हणाले, "अगंबाई, हा तर बिनपिसाऱ्याचा मोर!" तुम्ही इतक्या हसलात की कॉलेजातल्या सरांना तोंडावर बोट ठेवावं लागलं.

तुम्ही, सर, घड्याळं दुरुस्त करणारे काका, एवढीच माणसं. कुणी नेमलेलं नाही, कुणाला छदाम मिळत नाही, तरी दर रविवारी पक्षी मोजायला माळावर हजर! त्यात तुम्ही मला ओढलंत ते माझ्या अक्षरासाठी. "हिच्या हातात वही द्या, सर. घरात डाळीचा दाणाही हिशेबाबाहेर जाऊ देत नाही, पक्षी कसा जाऊ देईल?" मला बरं वाटलं होतं तेव्हा. आता ते शब्द आठवले की मान खाली जाते.

नर आला की सगळे त्याच्याकडे बघत. गळ्याची पिशवी फुगवून पार पायापर्यंत लोंबवायचा, शेपूट पाठीवर टाकायचा, आणि विहिरीत घागर बुडावी तसा त्याचा आवाज लांबून यायचा. दुर्बीण एकच, ती सरांची, आणि ती नरावरून हलायची नाही. तुम्ही मात्र पाठ फिरवून बसायचात. "नवरदेव तुम्ही बघा," म्हणायचात, "नवरीकडं मी बघते."

आणि बघता बघता तुम्हाला दोघी सापडल्या. अलीकडचीच्या गळ्याखाली काळ्या ठिपक्यांची पोत मधोमध तुटलेली, पलीकडचीची एका बाजूला सरकलेली. सर हसले. "बाई, पिसं झडतात, नवी येतात. आणि ओढा ओलांडायला तिला कितीसा वेळ?"

तुम्ही म्हणालात, "सर, माझ्या वर्गात साठ मुली एकाच गणवेशात बसतात. तरी पाठमोरी कोण आहे ते मला कळतं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय लिहिलं? 'मादी: एक.' शंका असेल तिथे कमी लिहावं, जास्त लिहू नये, हा माझा घरचा नियम. तो मी माळावर नेला. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुसुम, कमी लिहिलं म्हणजे खरं लिहिलं असं नव्हे गं."

एक विचारू? तुम्ही भांडला का नाहीत? सबंध शाळेला नुसत्या नजरेनं गप्प करणाऱ्या तुम्ही, माझ्यापुढे का गप्प बसलात? भावाची बायको म्हणून सांभाळून घेतलंत होय? तसं करायला नको होतं!

नाही, तेही खरं नाही. भांडण तुम्ही तुमच्या पद्धतीनं केलंत. मला म्हणालात, "श्रावणी सोमवारी माझी शाळा दुपारी सुटते. तू पलीकडे बस, मी अलीकडे बसते. एकाच वेळी दोघी दिसल्या की पोत बघायलाच नको." किती सोपं होतं! पण मी काय उत्तर दिलं? "सोमवार सोडून बोला, वन्सं. संध्याकाळी मला सिद्धेश्वराला जायचं असतं, मग उपास सोडायचा असतो." रविवारी बाकीचे नरापासून हलायचे नाहीत, आणि सोमवारी मी घरातून हलणार नाही. चार सोमवार तसेच गेले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

माघात दम वाढला, तेव्हा तुमच्या उशाशी मी होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "दोन आहेत गं." आणि मी म्हणाले, "बरं बरं, झोपा आता." लहान मुलाला सांगावं तसं! ते माझं 'बरं बरं' मला अजून ऐकू येतं.

आता काय झालं ते सांगते. आमच्या वहीवरून गेल्या दिवाळीत सरकारी कचेरीला यादी गेली होती, पक्षी कुठे अंडी घालतो त्याची. त्यात ओढ्याअलीकडचा माळ तेवढा होता. पलीकडचा मोकळा समजून तिथे निलगिरी लावायचं ठरलं. गणपती झाले की खड्डे खणायला माणसं येणार. मला याचा पत्ताही नव्हता. आषाढात बिराप्पा धनगर बाजाराला आला होता, तो दारात थांबला. तुमचं कळल्यापासून आला की थांबतो.

"वैनी, वड्यापल्याड खड्ड्यांसाटी चुना टाकलाय. तितं तर ती बसती की!"

"कोण बसते?"

"बाईंची दुसरी."

मी चहाचा कप तसाच हातात धरून उभी. म्हटलं, "अरे, मग गेल्या वर्षी का नाही बोललास?"

"मला कुनी इचारलं? बाई इचारायच्या, त्यास्नी मी सांगितलं. वही लिवणाऱ्यांनी बी इचारायला पायजे की, व्हय का न्हाय?"

रोज मेंढरं घेऊन तिथे फिरणारा माणूस, आणि आम्ही दुर्बीण घेऊन त्याच्या शेजारून जायचो.

काल मी पहाटेच देवळात गेले. काहीतरी मोडतंय असं वाटेल म्हणून धास्ती होती. तसं काही झालं नाही हो! गर्दी नव्हती, दर्शन निवांत झालं. सकाळी जाता येतं की! एवढं मला गेल्या वर्षी सुचलं नाही. मग दुपारची एसटी धरली. यांनी विचारलं, "एकटीच?" म्हटलं, "वन्संचं काम आहे." यांनी छत्री तेवढी आणून दिली.

बिराप्पा अलीकडच्या टेकाडावर मेंढरांत उभा. ठरलं असं, की अलीकडची दिसत असेल तोवर त्याचा लाल पटका काठीवर राहील, ती गेली की खाली. मी ओढा ओलांडून तरवडाआड बसले. बराच वेळ काही नाही. वारा, गवत आणि माझ्या पायाला मुंग्या. मग शंभरेक पावलांवर गवतातून एक मान वर आली. हळूच. मग सगळी उभी राहिली, अंग झाडलं, दोन पावलं टाकून तिनं टोळ उचलला. मी वळून पाहिलं. टेकाडावर पटका होता!

हातात घड्याळ नव्हतं, जपमाळ होती. मी 'ॐ नमः शिवाय' सुरू केलं. एक डोळा तिच्यावर, एक पटक्यावर. माळ पूर्ण झाली तरी ती समोर होती आणि पटका वर होता. जप करताना रडू नये म्हणतात. मला आवरलं नाही.

तशीच सरांकडे गेले. काकाही तिथेच होते. सरांनी विचारलं, "किती वेळ दिसल्या?"

"एक माळ."

"म्हणजे किती मिनिटं, वहिनी?"

काकांनी खिशातून घड्याळ काढलं आणि म्हणाले, "माळ पुन्हा ओढा." सरांच्या ओसरीवर बसून मी सबंध माळ ओढली. सात मिनिटं भरली. सर मग म्हणाले, "सात मिनिटं एक पक्षी दोन ठिकाणी असू शकत नाही."

पुढचं मात्र ऐका. गुरुवारी कचेरीतले साहेब पलीकडचा माळ बघायला येणार आहेत. सर म्हणाले, "आपण असं लिहू, की यंदा एक नवी मादी आली. म्हणजे गेल्या वर्षीची नोंद चुकली असं म्हणायला नको. आपल्या वहीवर विश्वास राहिला पाहिजे."

वन्सं, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. माझं अक्षर, माझी सही, कुठे खोडाखोड नाही. पण नवी म्हटली तर साहेब म्हणतील, आज आली, उद्या जाईल, खणा खड्डे. आणि तुम्ही वर्षभर जिला बघत होता ती नव्हतीच असं होईल. मी म्हणाले, "नाही सर. ती नवी नाही. वन्संची आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग साहेबांना सांगणार कोण?"

"लिहिलं ज्यानं त्यानं."

तेव्हा आता तुम्हाला शब्द देते. गुरुवारी मी ओढ्यापलीकडे जाईन, बिराप्पाला सोबत घेऊन, आणि साहेबांसमोर गेल्या वर्षीचं पान उघडेन. 'मादी: एक' यावर माझ्या हातानं रेघ मारेन आणि सांगेन, बघणाऱ्या बाई बरोबर होत्या, लिहिणारी चुकली. शेजारी 'दोन' लिहीन, आणि खाली बघणाऱ्याच्या जागी तुमचं पूर्ण नाव घालीन. साहेबांनी विचारलं, या बाई कुठे आहेत, तर मी त्यांना तुमची दुसरी बसते ती जागा दाखवीन.

तुमची,
कुसुम