दादांच्या हाताचं माप

पोर्ट लुई, ऑगस्ट १९८९

प्रिय इंद्रजीत,

तू बसवाल्याकडे दिलेला कोबी मिळाला. आईंना सांग, मी वेळेवर जेवते. झोप मात्र लागत नाही, आणि त्याचं कारण तुलाच सांगायला हवं.

माएबूर्गच्या किनाऱ्यावर तुझ्या दादांची होडी रिकामी सापडली, तेव्हापासून त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर कुणालाच उघडेना. त्याच्या शेजारचं ते यंत्र तू पाहिलंसच. खुंट्यांमध्ये बोटं पसरून पंजा ठेवायचा. ते बोटांची लांबी-रुंदी मोजतं आणि ओळख पटली तरच कॉम्प्युटर उघडतो. दादांनी आणि त्यांच्या भागीदाराने, चंद्रमोहनने, मोठ्या हौसेने ते बसवलं. आत मधुमेहाच्या शेकडो रुग्णांच्या नोंदी, आणि यंत्राला माहीत असलेला हात एकट्या दादांचा; चंद्रमोहनचा नोंदवायचा राहूनच गेला. मी माझा ठेवून पाहिला. लाल दिवा.

मग चंद्रमोहनला तू आठवलास. तुम्हा दोघा भावांचे हात आईंवर गेलेले, तीच लांब बोटं, करंगळीला तोच बाक. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा यंत्राने हिरवा दिवा दिला आणि पडद्यावर दादांच्या नावाने नमस्कार उमटला, बोंझूर देवराज. माझ्या तोंडून निघून गेलं, "आलात?"

तुला वाटलं, तुलाच विचारलं. तू म्हणालास, "आलो, वहिनी."

मी चहाच्या निमित्ताने बाहेर गेले.

आता तू दर सोमवारी येतोस, चंद्रमोहन थोड्या थोड्या नोंदी छापून घेतो. जिन्यात पावलं वाजली की माझा हात आपोआप पदराकडे जातो. मग दारात तू दिसतोस. तुझा काय दोष त्यात?

परवा चंद्रमोहनला सहज विचारलं, हल्ली यंत्र एका खेपेतच कसं उघडतं? तो म्हणाला, "माणसाचा हात बदलत जातो ना, वहिनी. म्हणून दर वेळी ते जुन्या मापात नवं माप थोडं मिसळून ठेवतं. आता ते इंद्रजीतचा हात शिकतंय."

म्हणजे दर सोमवारी दादा थोडे पुसले जातात.

समुद्राने त्यांचं नखसुद्धा परत दिलं नाही. अग्नी द्यायला काही नव्हतं. त्यांच्या देहाचं एवढंच काय ते जगात राहिलंय, आणि तेही अर्धं तुझं झालेलं. राहिलेल्या नोंदी मी दवाखान्यांतल्या जुन्या कागदांवरून पुन्हा लिहून काढीन. चंद्रमोहन तयार झालाय. तू घरी ये, जेवायला ये, आईंनाही घेऊन ये. पण या सोमवारी त्या यंत्रावर हात ठेवू नकोस.

तुझीच,
विद्यावती वहिनी